डोंगरउतारावरच्या गवताळ जमिनीची माती कशी ओळखायची, पुण्याच्या आसपासच्या टेकड्या-माळांसाठी

जून आला की पुण्यात टेकड्यांवर खड्डे मारायला सुरुवात होते. हौस चांगली आहे, माणसं रविवारची झोप मोडून मनापासून येतात, पण आपण खड्डा कुठल्या मातीत मारतोय हे बघणारं त्या घोळक्यात क्वचितच कोणी असतं आणि माझ्या मते सगळी गडबड तिथंच होते. वेताळ टेकडी घ्या, सिंहगड-कात्रजची रांग घ्या, दिवे घाटाच्या वरचा माळ घ्या नाहीतर पुरंदर-बारामतीकडची गायरानं, लोक बघतात आणि म्हणतात पडीक आहे, इथं काही उगवत नाही. अहो गवत उगवतं की! कित्येक पिढ्या मेंढरं-गुरं त्याच्यावर जगली. ही माती हलकी आहे, उथळ आहे, पण ती गवताची माती आहे, आणि तिचा स्वभाव कळला की तिथं काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही हे आपोआप कळतं. तो स्वभाव कळायला लॅब लागत नाही, पहार, पाण्याची बाटली, मोजपट्टी आणि एखादा तास एवढं बास.

आधी एक महत्त्वाचं. शहरातल्या आणि आसपासच्या बऱ्याच टेकड्या वनखात्याच्या ताब्यात आहेत, तिथं परवानगीशिवाय खणायचं नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. आणि खणायची परवानगी नसली तरी काही अडत नाही, घाटरस्त्याची कापलेली बाजू, पावसानं पडलेली घळ, जुन्या खाणीचा काठ, असल्या ठिकाणी मातीचे सगळे थर फुकट उघडे असतात, फक्त वरचा दोन-चार बोटं वाळलेला थर खरवडून काढायचा म्हणजे ताजा रंग दिसतो.

वेळ कुठली निवडायची? मे महिन्यात मुरूम इतका घट्ट असतो की पहार उसळते, जुलैत चिखल असतो. पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी, वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली की, किंवा सरळ ऑक्टोबरात जा. ऑक्टोबरात गवतालाही तुरे आलेले असतात त्यामुळे गवत ओळखणं सोपं जातं.

गेल्यावर लगेच खणू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. उतार किती आहे? मोबाइलमध्ये उतार मोजायची अ‍ॅप असतात, नाहीतर साधा हिशोब करा, आडवं १०० फूट गेल्यावर उंची १५ फूट वाढली तर उतार १५ टक्के. माती सर्वेक्षणवाले १५ ते ३० टक्क्यांना बऱ्यापैकी तीव्र धरतात आणि ३० च्या पुढं तीव्र उतार, तिथं माती मुळात साठतच नाही, तयार होते तेवढी पावसाबरोबर खाली जाते. मग जमिनीवर खडे किती पसरलेत ते बघा. सगळीकडं बारीक खड्यांचा थर दिसत असेल आणि मधे माती दिसतच नसेल तर समजायचं की बारीक माती वाहून गेलीय आणि जड तेवढं मागं राहिलंय. गवताचे ठोंब आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन बोटं उंच चौथऱ्यावर बसल्यासारखे दिसतात का? ते ठोंब उंच वाढलेले नसतात, मधली जमीन खाली गेलेली असते! ही खूण एकदा डोळ्यांना कळली की मग प्रत्येक टेकडीवर दिसायला लागते आणि खरं सांगायचं तर जीव तुटतो.

गवतही बरंच सांगतं. मारवेल दिसलं, पवन्या दिसला, तर माती जरा बरी, चराईचा ताण कमी. नुसतं कुसळी गवत, तेच जे मोज्यात आणि मेंढीच्या लोकरीत घुसतं, ते सगळीकडं असेल तर जमीन उथळ आहे आणि चराई किंवा वणवा किंवा दोन्ही वर्षानुवर्षं चाललंय असं धरायला हरकत नाही. कुसळीला नावं ठेवू नका पण, कोवळं असताना गुरं खातात ते, आणि काहीच नसण्यापेक्षा ते असलेलं शंभर पटीनं बरं.

आता खणायचं. एक फूट बाय एक फूट पुरे, त्याहून मोठा खड्डा करू नका. वरचा गवताचा थर मुळांसकट अख्खा कापून सावलीत ठेवा, तो परत जागेवर बसवायचाय. मग हळूहळू खाली जा आणि प्रत्येक बदल दिसेल तिथं मोजपट्टी धरून लिहून ठेवा.

आपल्याकडच्या उतारावर साधारण असं दिसतं. वरचा पाच-आठ सेंटीमीटर गडद तपकिरी, त्यात गवताच्या मुळांचं दाट जाळं, माती बोटांनी सहज कुस्करते आणि छोटे छोटे कण होऊन पडते. त्याखाली रंग जरा तांबूस, खडे वाढत जातात, मुळं कमी. मग मुरूम लागतो. मुरूम म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा, अर्धवट कुजलेला खडक. हा पाषाण दख्खनच्या लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर बसलेला. तो कुजतो तेव्हा भेगांमधून पाणी जाऊन कोपरे आधी झिजतात, म्हणून मुरमात गोल दगड सापडतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे हातानं सुटतात. कुठल्याही घाटात रस्त्याच्या कडेला बघा, हे दिसेलच. कधी दोन थरांच्या मधे गेरूच्या रंगाचा लाल पट्टा पण दिसतो, तो एका लाव्हानंतर दुसरा येईपर्यंतच्या काळातला, त्याला आजच्या मातीचा थर समजू नका.

इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, ती नीट करा. पहार थांबली की ती कशावर थांबली? मारल्यावर खच्च आवाज आला आणि टोक थोडं थोडं शिरतंय तर मुरूम आहे. ठण्ण वाजलं आणि हाताला झिणझिण्या आल्या तर खालचा अखंड पाषाण आहे किंवा मोठा सुटा धोंडा आहे, म्हणून एक हात बाजूला सरकून परत मारून बघा. फरक का महत्त्वाचा तर मुरमाच्या भेगांत मुळं शिरतात, त्या भेगांमधे तांबडी चिकण माती भरलेली असते आणि ती उन्हाळ्यापर्यंत थोडी ओल धरते. अखंड पाषाणात काहीच शिरत नाही. दोन्हीकडं वरची माती २० सेंटीमीटरच असेल, पण एकीकडं बोरीचं झाड उभं राहील आणि दुसरीकडं तुम्ही कितीही टँकर ओता, ते मार्चमध्ये वाळणार.

खोलीचा अंदाज असा ठेवा. २५ सेंटीमीटरच्या आत खडक किंवा मुरूम लागला तर अति उथळ, २५ ते ५० उथळ, ५० ते १०० मध्यम, त्यापुढं खोल. पुण्याच्या टेकड्यांच्या माथ्यावर आणि वरच्या उतारावर बहुतेक वेळा पहिल्या दोनातच काम संपतं. आपल्याकडं जुने लोक याला बरड म्हणतात, मावळ-वेल्हे-भोरकडं डोंगरउतारावरच्या जमिनीला वरकस म्हणतात, तिथं नाचणी-वरी घ्यायचे आणि मग काही वर्षं जमीन गवताला सोडून द्यायचे. शास्त्रीय नावात ही माती एंटिसॉल गटात जाते, म्हणजे जिच्यात थर नीट तयार व्हायला अजून सवडच मिळालेली नाही अशी माती. उतारावर माती बनण्याचा वेग आणि धुपण्याचा वेग यांची सतत झटापट चालू असते त्यामुळे ती कायम लहान वयाचीच राहते. जरा सपाटी मिळाली, पायऱ्यासारखा टप्पा आला की तिथं इन्सेप्टिसॉल, म्हणजे थोडी पिकलेली माती, आणि अगदी खाली दरीत व्हर्टिसॉल, म्हणजे आपली भारी काळी.

रंगावरून लोक फार चटकन निष्कर्ष काढतात. वर तांबूस आणि खाली काळी, म्हणजे दोन वेगळे दगड असणार असं वाटतं, पण दगड एकच आहे. वर उतारावर पाणी थांबत नाही, हवा खेळती राहते, दगडातल्या लोखंडाचा गंज होतो आणि माती तांबूस-तपकिरी दिसते. कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर खाली उतरतात, खाली पाणी रेंगाळतं, तिथं फुगणारी आणि आकसणारी चिकण माती बनते, तीच ती उन्हाळ्यात भेगा पडणारी काळी. काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय पदार्थ असंही नाही हं, आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुतेक एक टक्क्याच्या आतच असतो. हिमालयात ट्रेकला जाऊन आलेले लोक विचारतात की तिकडच्या बुग्याळांची, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांची, माती कशी खरंच काळीभोर आणि मऊ, आपली अशी का नाही. तिकडं थंडीमुळं मेलेली मुळं-पानं कुजायला फार वेळ लागतो म्हणून साठत जातात, आपल्याकडं ऊन आणि पहिला पाऊस मिळून ती भराभर कुजवून टाकतात. त्यामुळं आपल्याकडं वरच्या पाच-आठ सेंटीमीटरात जो काही गडद थर आहे तो फार मोलाचा, तो गेला की पुन्हा बनायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

रंग बघताना माती ओली करून बघा, कोरडी फसवते. फोटो काढणार असाल तर शेजारी पांढरा कागद ठेवा म्हणजे मोबाइलनं रंग बदलला तर कळतं.

पोत बघायला मूठभर माती घ्या, खडे वेचून काढा, थोडं थोडं पाणी घालून मळा, गोळा होईल इतकंच. मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात दाबत दाबत पट्टी काढायची. पट्टी निघतच नाही, चुरा होतो, तर वाळू जास्त. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयट्याची, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकण यांचं मिश्रण असलेली, अडीच ते पाच निघाली तर चिकण पोयटा, पाचच्या पुढं गेली तर चिकण. उतारावरची माती बहुतेक मधल्या गटात येते आणि बऱ्याच जणांना याचं आश्चर्य वाटतं कारण दिसायला ती सगळी दगडगोटेच दिसते. बेसाल्टात वाळू होण्यासारखं क्वार्ट्झ नसतंच जवळजवळ, त्यामुळे बारीक झाला की तो चिकणच होतो. म्हणून खडे वेगळे मोजा. एका घमेल्यात खड्ड्यातली माती घेऊन चाळणीनं दोन मिलीमीटरच्या वरचे खडे वेगळे काढले आणि ते आकारमानानं ३५ टक्क्यांच्या पुढं भरले तर ती जमीन खडकाळ गटात धरतात.

हे खडे मोजायचं काम लोक टाळतात, पण पाण्याचा सगळा हिशोब यावरच आहे. समजा माती २० सेंटीमीटर आणि अर्धे खडे. पोयट्याची माती मीटरभर खोलीला साधारण १५० मिलीमीटर पाणी झाडाला देण्यासारखं धरते, म्हणजे २० सेंटीमीटरला ३०, आणि खडे वजा करून उरलं १५ मिलीमीटर. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात रोज चार-पाच मिलीमीटर उडून जातं. करा भागाकार, तीन-चार दिवस! म्हणून तर माळावरचं गवत सप्टेंबर-ऑक्टोबरात घाईघाईनं बी धरतं आणि सोनेरी होऊन जातं, ते मरत नाही, मुळं जिवंत असतात आणि पुढच्या वळवाला परत हिरवं होतं. या पाण्यावर जगायची युक्ती गवताकडं आहे, नर्सरीतून आणलेल्या बहुतेक रोपांकडं नाही.

चुनखडी बघायला घरातलं व्हिनेगर चालतं. कोरड्या मातीवर चार थेंब टाका, फसफसलं तर चुना आहे. बारामती-इंदापूरकडं पाऊस वर्षाला ५०० मिलीमीटरच्या आसपास, तिकडं चुना धुऊन जात नाही, खड्ड्यात पांढरे खडे पण मिळतात आणि सामू (पीएच) साडेसात-आठच्या पुढं असतो. शहरात पाऊस सातशेच्या आसपास. लोणावळा, ताम्हिणीकडं हजारांच्या पटीत पाऊस, तिकडं चुना टिकतच नाही, माती आम्ल आणि लालसर होत जाते, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर तर थेट जांभा, म्हणजे लोखंडानं लाल झालेला सच्छिद्र दगड. शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात एवढा फरक, म्हणून मावळातल्या मित्राचा सल्ला बारामतीकडच्या सुप्याच्या माळावर वापरू नका. एक मात्र लक्षात ठेवा, आपल्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरपूर असतात, वाघोलीच्या खाणी तर या खनिजांसाठी जगभर माहीत आहेत, तर प्रत्येक पांढरा खडा म्हणजे चुनखडी नाही. झिओलाइट फसफसत नाही, कॅल्साइट फसफसतं.

मातीची तब्येत बघायची असेल तर दोन टेस्ट नक्की करा, माझ्या सगळ्यात आवडत्या याच. पहिली, वरच्या थरातलं हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा आणि पाच मिनिटं हात लावू नका. टिकलं तर मुळांनी आणि सेंद्रिय पदार्थांनी कण बांधून ठेवलेत, विरघळून तळाला गाळ झाला तर पहिल्या जोराच्या सरीत हीच माती वाहून जाणार. एक ढेकूळ गवताच्या ठोंबाखालचं आणि एक पायवाटेवरचं असं शेजारी शेजारी ठेवून मुलांना दाखवा, भाषण द्यावं लागत नाही. दुसरी, सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा जमिनीत दोन इंच ठोका, आत ४४० मिली पाणी ओता म्हणजे एक इंच पाणी होतं, आणि मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. मग परत तेवढंच ओता, हा दुसरा आकडा खरा कारण पहिल्यांदा कोरडी माती अधाशासारखं पिते. हेही गवतात आणि तुडवलेल्या जागी दोन्हीकडं करा.

लॅबला द्यायचं असेल तर उताराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागाचे नमुने वेगळे, एकत्र करायचे नाहीत. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणची वरच्या १५ सेंटीमीटरची माती घ्यायची, झाडाखालची, वारुळाजवळची, गुरं बसतात तिथली नको, सावलीत वाळवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवायची. कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं कळतात. तुम्ही कर्बाचा आकडा आधी बघा. नत्र आणि स्फुरद कमीच येणार, पालाश बहुतेक ठीक, त्यावर खतं टाकायला धावू नका, खतानं गवतापेक्षा तणंच माजतात. नत्र कमी का याचं एक कारण आपल्या डोळ्यासमोरच असतं, मेंढरं दिवसभर माळावर चरतात आणि रात्री शेतात बसवली जातात, म्हणजे माळाचं सत्त्व रोज थोडं थोडं शेतात जातं. शेतकऱ्याला त्याचा फायदाच आहे आणि मेंढपाळाचं पोटही त्यावर आहे, फक्त माळाला मधे मधे सुट्टी द्यायला पाहिजे एवढंच.

आता या सगळ्यावरून ठरवायचं काय. २५ सेंटीमीटरच्या आत अखंड पाषाण असेल तर तिथं झाडासाठी खड्डा मारूच नका. जे गवत कित्येक शतकांत साठलेली माती धरून बसलंय ते तुम्ही उपटणार, खालचे खडे वर टाकणार आणि रोप मरणार, मग उरणार काय? तिथं वणवा थांबवा आणि गवताला बी पडेपर्यंत चराई थांबवा, एवढंच काम आणि ते पुरेसं आहे. २५ ते ५० आणि खाली भेगांचा मुरूम असेल तर बोर, हिवर, खैर, सालई असली मुळातली काटक झाडं, तीही विरळ, मधे भरपूर गवत सोडून. दाट लावायची हौस ओढ्याकाठी आणि पायथ्याला, जिथं माती ५० च्या पुढं मिळते तिथं फेडा. पाणी अडवायला चर खणायच्या आधी पण हीच पहारेची परीक्षा करा, उथळ मातीत जेसीबीनं मारलेल्या चरांनी जेवढं पाणी अडतं त्यापेक्षा कितीतरी जास्त चांगली माती मुरमाखाली गाडली जाते असं माझं मत आहे, साधे दगडी बांध तिथं बरे.

चराईबद्दल. पहिल्या पावसात ओली माती गुरांच्या खुरांनी दबते आणि नुकते फुटलेले ठोंब मुळासकट उपटून येतात, तेव्हा जून-जुलै सोडून द्यावा आणि पुढं आळीपाळीनं तुकडे चरावेत. हिवरे बाजार गावानं मोकळी चराई बंद करून गवत कापून न्यायची पद्धत लावली, त्यानं चाराही वाढला आणि उतारही सावरला. वणव्याचं तर काय बोलावं, फेब्रुवारी ते एप्रिल टेकड्या काळ्या होतात, लोकांना वाटतं जाळल्यानं गवत चांगलं येतं. हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण जूनची पहिली सर उघड्या जमिनीवर पडते आणि राखेबरोबर वरचा थर घेऊन जाते. आणि मुरमाचा उपसा जिथं चालू असेल तिथं तहसीलदाराकडं लेखी तक्रार करा, कारण बाकी सगळं सावरता येतं, मुरूमच गेला तर मुळांना शिरायला जागाच उरत नाही.

शेवटचं काम, ते विसरू नका. गवताचा थर परत जागेवर बसवून पायानं दाबा, थोडं पाणी घाला. आणि खड्ड्यापासून जरा लांब एक फूटभर लांबीचा लोखंडी खिळा अर्धा ठोकून ठेवा, डोकं जमिनीपासून किती वर आहे ते मिलीमीटरमध्ये लिहा, जागा मोबाइलवर सेव्ह करा. गुरांच्या वाटेवर नको, शेजारी दगड रचून खूण करा. दर ऑक्टोबरला त्याच जागी जाऊन मोजा. डोकं जास्त उघडं पडलं तर माती जातेय, कमी झालं तर साठतेय. असे चार-पाच खिळे वरपासून खालपर्यंत एका रेषेत ठोकले तर कुठल्या टप्प्यावरून जातेय आणि कुठं अडतेय तेही दिसतं, आणि पुढच्या वर्षीचे दगडी बांध नेमके त्याच्या वरच्या बाजूला घालता येतात.